गाय तुझी, वैरण माझी

७ जानेवारी

माझ्या मुलीने, मार्सीने, ही वही आणून दिली. खेळ तयार करणारे लोक प्रत्येक डावाची नोंद ठेवतात म्हणे. कुठे अडलं, कुठे कंटाळा आला, कोण कशावरून चिडलं. मी म्हटलं, चिडणार मीच, त्याला वही कशाला? तरी लिहितो. बाहेर पारा शून्याच्या खाली गेलाय आणि अंगणातला बर्फ ढकलून झालाय.

खेळ दोघांचा. मधोमध रिंगण, त्यात एकेक गाय येते, म्हणजे गायीचा पत्ता. काळी-पांढरी, तांबडी, जर्सी. दोघांनी आळीपाळीने बोली चढवायची. पैसे नाहीत, पेंढ्या. त्या मी मेपलच्या लाकडातून कापल्यात, घासून गुळगुळीत केल्यात. शेवटची बोली ज्याची त्याला गाय, पण त्याने मोजलेल्या पेंढ्या समोरच्याच्या गोठ्यात जमा. गाय तुझी, वैरण माझी. म्हणजे जिंकता जिंकता माणूस समोरच्याला गबर करत जातो. हे डोकं मार्सीचं. ती शाळेत गणित शिकवते आणि दर गुरुवारी लायब्ररीत लोकांना असले खेळ खेळायला बसवते.

बोलीचा भाग माझा. इथे विस्कॉन्सिनमध्ये, मार्शफील्डच्या गुरांच्या बाजारात सगळी उमर मी लिलाव पुकारला. मागच्या बाकावर कुणी खाकरलं तर ती बोली आहे की सर्दी, हे मला पुढे उभं राहून कळायचं.

मिलवॉकीला मार्चमध्ये खेळांचा मेळावा आहे. तिथे एका प्रकाशन कंपनीच्या बाई खेळ बघायला तयार झाल्यात. मार्सीने त्यांना पत्र पाठवलंय.

१४ जानेवारी

तीन डाव. तिन्ही मी हरलो आणि तिन्हीत मार्सीची बोली मला नीट ऐकू आली नाही, कारण ती बोलतच नाही, पुटपुटते. मी पाचची बोली केली. तिने म्हटलं दहा. मी म्हटलं अकरा. तर म्हणते, बाबा, मी सहा म्हटलं. सहा म्हटलंस तर सहा म्हण ना! लिलावात तोंडातल्या तोंडात बोलून चालत नाही. पुन्हा सात म्हटलं की आठ, यावरून एक जर्सी गाय तशीच रिंगणात उभी राहिली आणि कॉफी गार झाली.

हल्लीची सगळी पिढीच अशी. बँकेतली मुलगी, टीव्हीवरचे बातम्या देणारे, आमचे नवे पाद्री, कुणाला म्हणून तोंड उघडायला नको. जुने पाद्री बोलायचे तर शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस दचकून उठायचा.

२६ जानेवारी

ओव्हनचा गजर बिघडला. आर्लीनचा कॉफी केक कोळसा झाला आणि तिने मला विचारलं, तू इथेच बसला होतास ना? बसलो होतो. गजर वाजलाच नाही. दुकानात जाऊन सुटा गजर आणला, तर तोही वाजत नाही. वस्तू बनवणाऱ्यांना लाज उरलेली नाही. परत करायला गेलो तर काउंटरवरच्या पोऱ्याने तो चावी देऊन माझ्यासमोर धरला, माझ्याकडे बघितलं आणि निमूट पैसे परत दिले.

आणखी एक. यंदा खिडकीबाहेरच्या दाण्यांवर चिकडी पक्षी येतात, भांडतात, उडतात, पण ओरडत नाहीत. थंडीचा परिणाम असेल.

आर्लीन म्हणाली, तू ऐकत नाहीस. लग्न झाल्यापासून म्हणतेय.

९ फेब्रुवारी

शुक्रवार, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे मासे खायला तळ्याकाठच्या क्लबात गेलो. मी, आर्लीन, मार्सी. एवढा कल्ला की स्वतःचा विचार ऐकू येईना. त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या आणि मी माना डोलावत होतो.

मार्सीसाठी मी बिअर मागवली, ती तिने तोंडाला लावली नाही. मासा आला तसा नाकाला रुमाल लावून उठली आणि कितीतरी वेळ बाथरूममध्ये. परत आली ती नुसता पाव चावत बसली. मी म्हटलं, तुला काय झालंय? तिने काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, मग मागवायचं कशाला? तिचा मित्र ग्लेन तिला सोडून गेल्यापासून तिचं हे असं चाललंय. तो नाताळाला आला, नव्या वर्षाला अलास्काच्या बोटीवर गेला आणि तिकडून त्याने फोनवर कळवलं की आता परत येत नाही. मला तो माणूस कधी आवडला नव्हता. गाय न बघता बोली लावणाऱ्यांतला.

मासा मात्र छान होता. तिचाही मीच खाल्ला.

१८ फेब्रुवारी

आज भांडण झालं.

मार्सी म्हणाली, बाबा, बोलीच काढून टाकू. दोघांनी पेंढ्या मुठीत धरायच्या आणि एकदम मूठ उघडायची. ज्याच्या मुठीत जास्त त्याची गाय. बोलायचं नाही, खेळ पटापट होतो. दोघांच्या खेळात आळीपाळीने एकेक चढवत बसलं की नळ गळत असल्यासारखं वाटतं, म्हणे.

मी म्हटलं, मग त्याला लिलाव म्हणू नकोस, चोरी म्हण. बोली उघड्यावर व्हावी लागते. समोरचा चढवतो तेव्हा त्याच्या आवाजात कळतं, हा अजून दोन जाईल का इथेच बसेल. हे मुठीत काय कळणार? ती म्हणाली, तुला आवाजात कळतं अजून? मी म्हटलं, अजून म्हणजे काय? तिने टेबलाखाली बघितलं आणि विषय बदलला.

तिने वासराचा नवा पत्ताही काढलाय. वासराला सुरुवातीला काहीच किंमत नाही, गोठ्यात जागा अडवतं, पण शेवटपर्यंत सांभाळलं तर सगळ्या गायींहून भारी. मी म्हटलं, आधीच रिंगणात गर्दी आहे. माणसाला किती गोष्टी लक्षात ठेवायला लावायच्या? तो पत्ता तिने स्वतः रंगवलाय. तांबडं वासरू, पाय जरा जास्तच लांब. ती म्हणाली, राहू दे सध्या.

४ मार्च

गावातून येताना एक रुग्णवाहिका माझ्या मागे चिकटली. दिवे सगळे चमकतायत आणि भोंगा बंद! आरशात दिसली म्हणून मी गाडी बाजूला घेतली, नाहीतर ड्रायव्हर माझ्या डिकीतच शिरत होता. जाता जाता हात हलवून तो मलाच काहीतरी बोलला. काउंटीच्या कचेरीत जाऊन तक्रार केली. तिथल्या बाईने लिहून घेतली, पण तीही पुटपुटणारी.

आर्लीनला सांगितलं तर ती खुर्चीतच बसली. मग म्हणाली, यापुढे गाडी मी चालवेन. मी म्हटलं, भोंगा त्यांनी वाजवायचा नाही आणि किल्ली माझ्याकडून काढून घ्यायची? वा रे न्याय.

२३ मार्च

काल मिलवॉकी झालं. काल लिहायची इच्छा नव्हती, आजही नाही. पण मार्सी म्हणते ना, नोंद ठेवावी. ठेवतो.

सकाळी तिला घ्यायला गेलो. पिकअप मीच चालवली. गारठा होता म्हणून हीटरचा पंखा पूर्ण सोडला होता. स्टीव्हन्स पॉइंटपासून ती बाहेर बघत बसली होती आणि मग एकदम बोलायला लागली. खिडकीकडे तोंड करून. बरंच बोलली. पंख्याच्या घरघरीत तुकडे तेवढे कळले: लहान एक, सप्टेंबर, मग, मी ठेवायचं ठरवलंय. म्हणजे पुन्हा ते वासरू! मेळाव्याच्या दिवशी, गाडीत, नियम बदलायला निघाली. माझा पारा चढला, पण मी शांतपणे म्हटलं, मार्सी, आत्ता नको. आधीच नाकी नऊ आलेत. ते काढून टाक आणि विषय संपव.

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघतेस काय, पुढे कधीतरी बघू.

ओशकोशला पेट्रोलला थांबलो तर बाथरूमला गेली ती डोळे धुऊन आली. एका पत्त्यावरून एवढं मनाला लावून घ्यावं?

मेळाव्याचं दालन म्हणजे विमानाचा हँगर. शेकडो टेबलं, हजार तोंडं. त्या बाईंचं नाव रेनाटा सोलबर्ग. चाळिशीच्या, चष्मा केसांत खोचलेला, हसऱ्या. मला म्हणाल्या (हे मार्सीने नंतर जवळ येऊन पुन्हा सांगितलं) की लिलाव पुकारणाऱ्याशीच खेळायचंय. मी समोर बसलो. मार्सी त्यांच्या मागे उभी राहिली.

पहिली गाय. मी तीन म्हटलं. त्यांचे ओठ हलले. मी म्हटलं सात. त्या हसल्या आणि गाय मला देऊन टाकली. दुसरी गाय. मी चार, त्या काहीतरी, मी दहा. त्यांनी मार्सीकडे वळून बघितलं. तिसऱ्या गायीला माझ्या लक्षात आलं की मार्सी त्यांच्या खांद्यामागून मला बोटं दाखवतेय. पाच बोटं. मग सहा. छातीशी हात धरून, बाजारात आमचा बोली टिपणारा नॉर्बर्ट खुणा करायचा तशा.

माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकासमोर खुणा? जन्मात मी कधी खोटी बोली पुकारली नाही. मी उठलो आणि म्हटलं, बाई, माफ करा, माझी मुलगी मला मागून खुणा करतेय, हा डाव मी धरत नाही.

माझा आवाज अजून बाजारातला आहे. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळले.

मार्सी पांढरीफटक पडली. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, तुला ऐकू येत नाही."

हे मला स्वच्छ ऐकू आलं. मी म्हटलं, "ऐकतोय की."

तिने पेंढ्या पिशवीत भरल्या. बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला, दोघी जराशा बाजूला गेल्या. येताना गाडी तिने चालवली. मी हरकत घेतली नाही. हीटर तिने बंदच ठेवला आणि तरी बोलली नाही.

२९ मार्च

मार्सी आली नाही. फोनही नाही. आर्लीन म्हणते दोनदा येऊन गेला, मी घरात असताना. मला कुणी बोलावलं नाही.

३१ मार्च

आज आर्लीन मार्सीकडे जाऊन आली. कोट न काढता माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली. टीव्ही बंद केला. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं, जसं मुलं लहान असताना करायची.

म्हणाली, "गाडीत मार्सीने तुला काय सांगितलं?"

मी म्हटलं, तेच ते, वासराचं. ठेवायचं म्हणत होती, मी म्हटलं काढून टाक.

आर्लीनचा चेहरा असा मी तिची आई गेली तेव्हाही बघितला नव्हता.

"वासरू नाही, लॉइड. बाळ. मार्सीला बाळ होणार आहे. मला सांगायच्या आधी तिने तुला सांगितलं. तिला वाटलं, तू सोपा जाशील."

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. मग माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलतोय ते.

आर्लीन म्हणाली, गेलं वर्षभर मी तुला सांगतेय, तुला ऐकू येत नाही. मी म्हटलं, तू म्हणायचीस, तू ऐकत नाहीस. ती म्हणाली, दोन्ही खरं आहे, पण मी हे म्हणत होते.

काढून टाक आणि विषय संपव. माझे शब्द. माझ्या आवाजात, जो आजवर कुणाला ऐकू आला नाही असं झालं नाही.

पिकअपची किल्ली फ्रीजवर ठेवून दिली.

२ एप्रिल

आर्लीनने दवाखान्यात वेळ घेतली होती. खरं तर कधीच घेतली होती, मी दोनदा मोडली होती, हे तिथल्या बाईंनी यादीत बघून सांगितलं. कान तपासणारी तरुण आहे, ब्रिआना नाव, दंडावर कोंबड्याचं चित्र गोंदलेलं. तिने मला फडताळाएवढ्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे ठोकळे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काच होती मधे. काचेपलीकडे ती खाली मान घालून काम करत होती.

मी बसलो. सुरुवातीला घूं घूं असे चार-दोन जाड आवाज आले, मी दाबलं. मग काही नाही. मी वाट बघितली. खुर्ची मऊ होती. काचेपलीकडे ती काहीतरी जुळवत होती, बहुतेक यंत्र अडलं असावं. मला घाई नव्हती, पण शेवटी कंटाळून मी काचेवर टकटक केली आणि म्हटलं, करा की सुरू.

तिने दार उघडलं. माझ्या अगदी समोर उभी राहिली.

"झालं, मिस्टर झास्ट्रॉ. संपलं."

बाहेर आल्यावर आर्लीनने माझा कोट धरला.

३ एप्रिल

आर्लीनने मला मार्सीच्या दारात सोडलं आणि ती गाडीतच बसली. जिना चढलो. मार्सीने दार उघडलं, पण वाटेतून सरली नाही.

मी म्हटलं, मी वासराबद्दल बोललो. पत्त्यातल्या. हीटर चालू होता आणि मला वाटलं तू पत्त्याबद्दल बोलतेयस.

ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, नाही कळलं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. वाटलं होतं त्याहून जड गेलं.

ती मोठ्याने म्हणाली, "मला वाटलं तू खरंच तसं म्हणालास. आणि मग डाव मांडायला बसलास."

मी म्हटलं, परत सांग. सगळं. माझ्याकडे बघून सांग.

तिने सांगितलं. सप्टेंबरच्या शेवटी. ग्लेनला कळवलंय, त्याच्याकडून काही नको. शाळेत रजेचं बोललीय. भीती वाटते. हवंय. शेवटी शेवटी ती ओरडतच होती, कारण मी दर वाक्याला कान पुढे करत होतो, आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मार्सी म्हणाली, झालं, आता त्यालाही कळलं. आणि हसता हसता रडायला लागली. मी काय करावं ते न सुचून तिचा कोट हुकाला लावला, जो आधीच हुकाला होता.

मग तिने मला आत घेतलं.

आर्लीन गाडीत थंडीने काकडत होती, तिला आम्ही विसरलोच. त्याबद्दल तिने जे ऐकवलं ते मात्र मला पूर्ण ऐकू आलं.

२२ एप्रिल

कानातली यंत्रं आली. दोन, वाटाण्याएवढी. यांची किंमत ऐकून मला पुन्हा बहिरं व्हावंसं वाटलं.

आणि यात काय काय ऐकू यावं! फ्रीज कुरकुरतो. माझीच पँट चालताना खसाखसा वाजते. चर्चमध्ये माझ्या मागे बसणारी मिसेस लेम्के नाकाने शिट्टी वाजवते, सबंध प्रार्थनाभर. आणि नवे पाद्री पुटपुटत नाहीत, चांगले खणखणीत बोलतात. बोलतात ते कंटाळवाणं आहे, हे आता कळलं. चिकडी ओरडतायत. पहाटे तर नको इतक्या.

जुनं सुखाचं होतं असं आर्लीनला म्हटलं. ती म्हणाली, कुणाच्या?

११ मे

रेनाटाबाईंचा मार्सीला फोन आला होता. खेळ त्यांना हवाय. मुठीवाला. मिलवॉकीत त्या दिवशी बाजूला उभं राहून मार्सीने त्यांना तो समजावून सांगितला होता, आणि रडू आवरता आवरता सांगितला तरी त्यांना कळला, म्हणजे नियम सोपा आहे. बोली गेली. माझा सबंध भाग गेला. आता माझ्या पेंढ्या उरल्या फक्त.

शिवाय त्यांना गायींच्या जागी लामा हवेत, ते लांब मानेचे, उंटासारखे प्राणी. लामा खपतात म्हणे. मी म्हटलं, विस्कॉन्सिनमध्ये गायीला नाही म्हणणारी बाई मी बघितली नाही. मार्सीने कळवलं की गायी राहतील आणि वासरूही राहील. माझ्याकडे बघून म्हणाली, काही म्हणायचंय? मी वासराचा पत्ता उचलून गायींच्या गड्डीत ठेवला.

२५ मे

मार्सी पोट पुढे करून खुर्चीत मावेनाशी होऊ लागलीय, तरी मांडलाच डाव. मुठीचा. मी आधीच सांगितलं की मला हा खेळ पटलेला नाही. ती म्हणाली, नोंद केली.

पहिली गाय माझी. दुसरी माझी. तिसऱ्यावर तिने चार लावल्या, मी पाच. चौथ्यावर तिने एकच लावली, मी दोन. पाचव्या गायीला ती थांबली. माझ्याकडे रोखून बघितलं. मूठ टेबलाखाली नेली, हलवली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

मेपलचं लाकूड सुकं असलं की खणकतं. एक पेंढी मुठीत असेल तर गप्प असते. दोन असतील तर एकदा टकटकतात. चार-पाच असतील तर मुठीत कुजबुज चालते. मागच्या बाकावरचं खाकरणं ओळखणाऱ्याला हे काय जड?

मार्सी म्हणाली, "बाबा, तू ऐकतोयस."

मी माझ्या पेंढ्या मोजत बसलो.

"तू माझ्या मुठीतलं ऐकतोयस. ती यंत्रं काढ कानातून. आत्ताच्या आत्ता."

समोरची माझ्याहून चार गायींनी मागे होती आणि रिंगणात तांबडी जर्सी उभी होती. मी कानामागे हात धरला, पुढे वाकलो आणि म्हटलं, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तरी आर्लीन हसली ते मला ऐकू आलं.